धातूला दिशा देताना

हैदराबादच्या आग्नेय भागात संतोषनगर ओलांडलं की कंचनबाग लागतं. रस्त्याच्या कडेने लांबच लांब उंच भिंती, वर तारा, फाटकांवर पहारा. येणाऱ्या-जाणाऱ्याला याहून जास्त काही दिसत नाही. त्या भिंतींच्या आत डिफेन्स मेटलर्जिकल रिसर्च लॅबोरेटरी, म्हणजे डीएमआरएल आहे. ती १९६३ मध्ये या शहरात आली. शेजारी १९७३ मध्ये स्थापन झालेलं मिश्र धातू निगम आहे, ज्याला सगळं शहर ‘मिधानी’ म्हणून ओळखतं. त्याच परिसरात अलोह धातूंच्या तंत्रज्ञानाचं केंद्र एनएफटीडीसी आहे, आणि थोडं पुढे बालापूरला पावडर मेटलर्जीवर काम करणारं एआरसीआय. शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स, उप्पल रस्त्यावर भूभौतिकी संशोधनाची संस्था एनजीआरआय, गच्चीबावलीला केंद्रीय विद्यापीठ. धातूंवर काम करणारी आणि त्या कामात चुंबकीय क्षेत्र रोज वापरणारी माणसं इतक्या संख्येने एका शहरात भारतात क्वचितच सापडतील. या पुस्तकाचा विषय त्यांच्या हातातलं हे हत्यार आहे.

हत्यार हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. मराठीत चुंबकावर जे काही लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं होकायंत्र, पट्टी-चुंबक आणि कागदावरचा लोखंडाचा कीस इथवर येऊन थांबतं. चुंबकीय क्षेत्र ही पाहायची, रेषा काढून समजून घ्यायची गोष्ट आहे, असंच त्यातून मनावर ठसतं. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत मात्र ते भट्टी, प्रेस आणि लेथ यांच्या पंक्तीला बसतं. त्याने धातूच्या कणांना हवं तिकडे वळवता येतं, हात न लावता धातू वितळवता आणि ढवळता येतो, न कापता आतली भेग शोधता येते. धातू त्याचं ऐकतो, कारण धातूच्या आत स्वतःच्या दिशा असतात. हे एकदा नीट कळलं की पुढची सगळी प्रकरणं एकाच गोष्टीचा विस्तार वाटतील, अशी माझी खात्री आहे.

सुरुवात चुंबक बनवण्यापासूनच करू. चुंबक बनवायला चुंबकीय क्षेत्र लागतं, आणि तेही एकदा नाही.

विजेवरच्या स्कूटरच्या मोटरमध्ये, पवनचक्कीच्या जनित्रात, हार्ड डिस्कमध्ये बहुधा निओडिमियमचा चुंबक असतो. त्याच्या मूळ संयुगात दोन निओडिमियम अणूंमागे लोहाचे चौदा आणि बोरॉनचा एक अणू असतो. मिश्रधातू वितळवून त्याच्या पातळ पट्ट्या ओततात. त्या पट्ट्यांना हायड्रोजन शोषायला लावला की त्या फुगतात आणि आतून तडकतात. मग नायट्रोजनच्या जोरदार झोतात तुकडे एकमेकांवर आदळून त्यांची पावडर होते. कणाचा आकार तीन ते पाच मायक्रॉन. ही पावडर उघड्या हवेत आणली तर पेट घेते, म्हणून इथून पुढे भट्टीपर्यंतचं काम हवा काढून टाकलेल्या किंवा नायट्रोजन, आरगॉन भरलेल्या जागेत चालतं.

यातला प्रत्येक कण जवळजवळ एकच स्फटिक असतो, आणि त्या स्फटिकाला चुंबकत्वाचा एकच लाडका अक्ष असतो. पावडर साच्यात ओतली की हे अक्ष वाटेल त्या दिशांना विखुरलेले असतात. तशीच दाबून भाजली तर चुंबक तयार होईल, पण त्यात उरणारं चुंबकत्व शक्य तेवढ्याच्या निम्मं भरेल. चुंबकाची ऊर्जा साठवण्याची क्षमता ज्या आकड्याने मोजतात, तो तर एक चतुर्थांशावर येईल. म्हणून या प्रेसला दोन्ही बाजूंनी मोठाल्या कॉइल असतात. साचा भरला, कॉइलमधून वीज सोडली, की पावडरीत सुमारे दोन टेस्लाचं क्षेत्र उभं राहतं. हैदराबादला पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला आहे. त्याच्या तुलनेत प्रेसमधलं क्षेत्र चाळीस हजार पटींहून जास्त. साच्यातले कण त्या क्षेत्रात फिरतात, अक्ष एका दिशेला लावतात, टोकाला टोक जोडून साखळ्या करतात. आणि तेवढ्यात पंच खाली येतो.

कसब इथेच आहे. दाब जास्त झाला, तर नुकतेच वळलेले कण एकमेकांवर घासून पुन्हा वाकडे होतात. कमी झाला, तर वडी हातात घेताच फुटते. क्षेत्र आणि दाब एकाच दिशेत असले तर साचा सोपा होतो, पण कणांची रांग बिघडते. दाब क्षेत्राला काटकोनात दिला तर रांग चांगली टिकते, पण साच्याचे आकार मर्यादित होतात. शिवाय वडी दाबून झाल्यावर ती आता स्वतःच चुंबक झालेली असते. साच्याला चिकटते, शेजारच्या वडीवर झेप घेते, कडा तुटतात. म्हणून बाहेर काढण्याआधी उलट दिशेचं क्षेत्र देऊन तिचं चुंबकत्व घालवावं लागतं.

नंतर निर्वात भट्टी, १,०५० ते १,१०० अंश सेल्सिअस, काही तास. या संयुगाचं चुंबकत्व ३१२ अंशांवरच मावळतं. त्यामुळे भट्टीतून निघालेला तुकडा साधी टाचणीही उचलत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं, प्रेसमध्ये केलेली सगळी मेहनत भट्टीत जळून गेली. तसं नसतं. चुंबकत्व गेलेलं असतं, स्फटिकांची दिशा मात्र तशीच असते, आणि तीच तर कमावायची होती. तुकडा घासून मापात आणतात, गंजू नये म्हणून निकेलचा किंवा दुसरा लेप देतात, आणि अगदी शेवटी कॉइलमध्ये ठेवून कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात सोडतात. काही सहस्रांश सेकंदांचं काम. त्या क्षणी सगळे अक्ष एका बाजूला तोंड करतात आणि चुंबक जागा होतो. म्हणजे वळवायला एकदा, विझवायला एकदा, जागवायला एकदा, असं एका चुंबकाच्या घडणीत क्षेत्र तीनदा कामाला येतं.

या संयुगाचा शोध दोघांनी जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे लावला. जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्समधले मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधले जॉन क्रोट. १९८३ मध्ये दोघांचंही काम जगापुढे आलं. सागावांनी पावडर आणि क्षेत्र ही वाट धरली. क्रोट यांनी वितळलेला मिश्रधातू फिरत्या चाकावर टाकून क्षणात गोठवला आणि त्याच्या बारीक चकत्यांपासून चुंबक केले. त्या वाटेत दिशा लावण्याचा प्रश्नच येत नव्हता. दोन्ही वाटा आजही चालू आहेत. पण जिथे कमी जागेत जास्तीत जास्त जोर हवा असतो, तिथे सागावांची वाट पुढे राहिली, आणि ती साच्यातल्या त्या काही क्षणांच्या जोरावर.

डीएमआरएलची मोठी कमाई आहे ती निओडिमियमच्या आधीच्या पिढीत. कार्ल स्ट्रनॅट यांनी १९६०च्या दशकात अमेरिकी हवाई दलाच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत समॅरियम-कोबाल्टचे चुंबक पुढे आणले. हे निओडिमियमइतके जोरदार नाहीत आणि महागही आहेत, पण त्यांचं चुंबकत्व ७०० अंशांच्याही पलीकडे टिकून असतं. त्यामुळे ३०० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत ते निश्चिंतपणे काम करतात. रडारमधल्या ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत लांबलचक नळीतून जातो. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे झोत फाकतो. नळीभोवती छोट्या कडी-चुंबकांची माळ असते, प्रत्येक कडीचा ध्रुव शेजारणीच्या उलट, आणि ती माळ झोताला फाकू देत नाही. एक कडी जरी कमजोर निघाली तरी नळी वाया जाते. असे चुंबक बाहेरून मिळण्याची खात्री नव्हती, म्हणून कंचनबागेत ते बनवण्याची विद्या उभी राहिली. समॅरियम-कोबाल्टच्या दुसऱ्या प्रकारात दोन समॅरियम अणूंमागे सतरा कोबाल्टचे असतात, आणि त्यातला थोडा कोबाल्ट काढून लोह, तांबं, झिरकोनियम घातलेलं असतं. त्याला भट्टीत ८०० अंशांच्या आसपास ठेवून ४०० अंशांपर्यंत अतिशय सावकाश उतरवावं लागतं. तेव्हा आत मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या पेशी आणि त्यांच्या पातळ भिंती तयार होतात, आणि त्या भिंतींवर चुंबकत्वाची सीमा अडकून राहते. घाई केली तर भिंती नीट बनत नाहीत. या भट्टीला गडबड चालत नाही, हे तिथे काम केलेला कोणीही सांगेल.

क्षेत्रात ठेवून सावकाश थंड करण्याची युक्ती याहून जुनी. ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोह यांच्या ॲल्निको मिश्रधातूंवर ती १९३०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये वापरली गेली. ८०० अंशांच्या आसपास हा मिश्रधातू आतल्या आत दोन भागांत विभागतो. त्या वेळी बाहेरून क्षेत्र लावलेलं असेल, तर लोह-कोबाल्टचे कण त्या दिशेला लांबट वाढतात. चुंबकाचा जोर त्या एका दिशेत वाढतो. जुन्या लाउडस्पीकरमधले आणि वीजमीटरमधले कितीतरी चुंबक या रीतीने घडलेले आहेत.

मराठी वाचकाला इथे सह्याद्रीची आठवण करून द्यावीशी वाटते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला आणि थंड झाला. त्याच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण होते. ते थंड होताना पृथ्वीच्या त्या वेळच्या क्षेत्राची दिशा त्यांच्यात पक्की झाली. ॲल्निकोत जे घडतं ते वेगळं आहे. तिथे कणांचा आकारच क्षेत्राने घडतो, इथे घडलेल्या कणांत दिशा गोठते. पण तापलेलं द्रव्य क्षेत्रात निवलं की क्षेत्राची खूण आत राहते, हे दोन्हीकडे खरं. १९५०च्या दशकात इंग्लंडचे क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टचे नमुने मोजले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम वाढवलं. खडकातल्या दिशेचा उतार सांगत होता की हा लाव्हा गोठला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्यापेक्षा हजारो किलोमीटर दूर होती. खंड सरकतात हे तेव्हा अनेक भूशास्त्रज्ञांना पटत नव्हतं. त्या वादात खंडाळ्याच्या घाटासारख्या आपल्या रोजच्या पायाखालच्या दगडाची साक्ष निघाली, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत थोर गोष्ट वाटते. हैदराबाद स्वतः ग्रॅनाइटवर वसलेलं आहे, पण पश्चिमेला विकाराबादकडे निघालं की तोच काळा बेसाल्ट सुरू होतो.

आता क्षेत्राचं दुसरं काम, ज्याची वाखाणणी कमी होते आणि ज्यावर रोज माणसांचे जीव अवलंबून असतात. ते म्हणजे तपासणी.

बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. कारखान्यातला तपासनीस धातूच्या नळीला विजेची टिचकी मारतो. नळी एका छोट्या कॉइलमधून सरकते. कॉइलमधल्या उलटसुलट विजेमुळे नळीच्या भिंतीत भोवरी प्रवाह, म्हणजे एडी करंट, फिरू लागतात, आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलवर परत उमटतं. भिंत निर्दोष असेल तर हे उत्तर एकसारखं येतं. तडा, खड्डा, जाडीत फरक असेल तर प्रवाहाला वळसा घालावा लागतो आणि पडद्यावरचा ठिपका आपली जागा सोडतो. त्याची आकृती पाहून अनुभवी माणूस सांगतो की दोष बाहेरून आहे की आतून, उथळ आहे की खोल. वारंवारता वाढवली की प्रवाह पृष्ठभागालगत राहतात, कमी केली की खोल जातात. म्हणून एकाच नळीला दोन-तीन वारंवारतांनी विचारतात. यासाठी धातू चुंबकीय असण्याची गरज नाही, वीज वाहिली की पुरे. न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये अणुभट्ट्यांसाठी झिरकोनियमच्या मिश्रधातूंच्या नळ्या तयार होतात. इंधनाभोवतीच्या अशा नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. भट्टीच्या आत ती फुटणं परवडणारं नसतं. अशा पातळ, अचुंबकीय नळ्यांच्या तपासणीसाठी ध्वनिलहरींच्या जोडीला भोवरी प्रवाह जगभर वापरले जातात.

पोलादासाठी याहून साधी आणि डोळ्यांना दिसणारी रीत आहे. आस, गिअर, क्रँकशाफ्ट असा पुर्जा चुंबकित करायचा आणि त्यावर लोखंडाची बारीक पावडर मिसळलेलं तेल सोडायचं. जिथे तडा असेल तिथे क्षेत्र धातूतून बाहेर झिरपतं आणि पावडर तिथे गोळा होते. पावडरीला चमकणारा रंग दिलेला असतो. खोलीतला दिवा घालवून यूव्ही दिवा लावला की काळ्या पोलादावर हिरवट-पिवळी बारीक रेघ उभी राहते. भेग इतकी अरुंद असते की नख फिरवलं तरी लागत नाही, भिंगातूनही निसटते, पण इथे ती ठसठशीत दिसते. १९२०च्या दशकात अमेरिकेत विल्यम होक यांनी हे पाहिलं. चुंबकी चकवर पुर्जे घासताना निघालेला चुरा काही पुर्ज्यांवर रेघांत साचत होता, आणि त्या रेघा खालच्या तड्यांच्या होत्या. पुढे डी फॉरेस्ट यांनी त्याचं शास्त्र केलं. आज रेल्वेपासून विमानापर्यंत हे तपासल्याशिवाय चालत नाही. तपासणी झाल्यावर पुर्ज्याचं चुंबकत्व काढून टाकायचं विसरायचं नसतं. राहिलंच तर बेअरिंगमध्ये लोखंडी कचरा ओढला जातो आणि तपासून पास केलेला पुर्जाच यंत्र खातो.

सूक्ष्म कान लावण्याची तिसरी रीत १९१९ मध्ये जर्मनीत हाइनरिख बार्कहाउझेन यांना सापडली. लोखंडाभोवती कॉइल गुंडाळून तिला कर्णा जोडला आणि चुंबक हळूहळू जवळ आणला, तर खरखर ऐकू येते. चुंबकत्व सलग बदलत नाही. धातूच्या आतल्या प्रदेशांच्या सीमा अडखळत, उड्या मारत सरकतात. पोलाद कडक असेल, ताणाखाली असेल, किंवा घासताना त्याचा पृष्ठभाग जळलेला असेल, तर खरखर बदलते. गिअर घासण्यात राहिलेला दोष आज या खरखरीवरून ओळखतात. धातूच्या अंतरंगातलं इतकं काही इतक्या साध्या साधनाने ऐकू यावं, हे पदवीच्या वर्गात पुरेसं सांगितलं जात नाही.

भोवरी प्रवाहांचं मूळ मायकेल फॅरडे यांच्या १८३१ च्या शोधात आहे. त्याआधी बारा वर्षं, १८१९ मध्ये, त्यांनी वूट्झ पोलादाचं पृथक्करण प्रसिद्ध केलं होतं. हे पोलाद दख्खनचं आणि दक्षिणेचं. नांदेडला लागून असलेल्या आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रमला ते बनायचं, आणि ते विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी तिथवर यायचे. सर्वेक्षणासाठी या मुलखात फिरलेले वैद्य-भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी यांनी तिथली भट्टी आणि मुशी पाहून वर्णन लिहून ठेवलं, ते १८३२ मध्ये छापलं गेलं. फॅरडे यांना या पोलादाची नक्कल मिश्रधातू करून साधायची होती. ती साधली नाही, पण मिश्रधातूंचा पद्धतशीर अभ्यास त्यातून सुरू झाला. आज त्याच प्रदेशात त्यांच्याच प्रवर्तनाच्या नियमाने कॉइल तापतात आणि मिधानीसारख्या कारखान्यांत सुपरअलॉय वितळतात. निर्वात प्रवर्तन भट्टीत कॉइलचं क्षेत्र धातू वितळवतं आणि त्याच वेळी तो ढवळतंही. वेगळा दांडा लागत नाही. टायटॅनियमचं वेगळंच. ते वितळलेल्या स्थितीत जवळजवळ प्रत्येक मुशीला खातं, म्हणून पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात विजेच्या ठिणगीखाली ते वितळवतात, आणि भांड्याभोवतीची कॉइल ठिणगीला जागेवर राखते. सिलिकॉनचा स्फटिक ओढताना क्षेत्र उलटं काम करतं. वितळलेल्या सिलिकॉनमधली खळबळ शांत करतं. याचा तपशील पाचव्या प्रकरणात आहे.

क्षेत्र जसं जोरात लावावं लागतं, तसं कधी त्याला अजिबात धक्का लागू द्यायचा नसतो. मुंबईच्या कुलाब्यातली चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नेली गेली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन मापं जुळवली गेली. अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडाची आहे, कारण कोकणचा काळा दगड स्वतःच चुंबकीय. हैदराबादची वेधशाळा एनजीआरआयच्या आवारात १९६४ पासून आहे. तिच्या दारावरून आता मेट्रो जाते आणि स्थानकाचं नावही एनजीआरआयच आहे. वाढत्या शहराची वीज टाळण्यासाठी विजयवाडा रस्त्यावर चौटुप्पलला दुसरी वेधशाळा उभी राहिली. मुंबईत जे ट्रामने केलं ते इथे शंभर वर्षांनी मेट्रोने केलं. कंचनबागेत दोन टेस्ला आणि चौटुप्पलला टेस्लाच्या अब्जांश भागाची नोंद, अशी दोन्ही टोकं एका जिल्ह्याच्या अंतरात असलेलं हे शहर आहे.

शेवटी ज्या कारणासाठी हे पुस्तक आत्ताच लिहावंसं वाटलं, ते सांगतो. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समॅरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांच्यासह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. काही आठवड्यांत आपल्या वाहन उद्योगाला घाम फुटला. मोटरीत बसणाऱ्या मूठभर वजनाच्या तुकड्यासाठी गाडी अडू लागली. आपल्याकडे काय नव्हतं? केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावर दुर्मीळ मृदांचं खनिज मोनाझाइट आहे. त्यावर काम करणारी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे. चुंबक घडवण्याची विद्या हैदराबादला कित्येक वर्षं आहे. नव्हता तो मधला रस्ता. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू, मिश्रधातूपासून पावडर, पावडरीपासून हजारो एकसारखे चुंबक, हा रस्ता कारखान्याच्या मापात बांधला गेला नव्हता. बाहेरून स्वस्त मिळतंय तोवर तो बांधायला पैसा आणि धीर कोणी दाखवला नाही.

विशाखापट्टणमला २०२३ मध्ये समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना देशाला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो, आणि तंत्रज्ञान भाभा अणुसंशोधन केंद्र आणि डीएमआरएलचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी. किलो आणि टन यांतलं अंतर पाहिलं की काम केवढं आहे ते कळतं. डिस्प्रोसियमचा प्रश्न त्यात आणखी वेगळा. मोटर १५० अंशांवर चालायची तर चुंबकात ते थोडं घालावं लागतं, आणि आपल्या मोनाझाइटमध्ये ते फार कमी. म्हणून जुन्या मोटरींतले चुंबक परत मिळवणं आणि डिस्प्रोसियम फक्त कणांच्या कडेला पोचवण्याचं तंत्र साधणं, या दोन गोष्टी माझ्या मते नव्या खाणींइतक्याच तातडीच्या आहेत.

पैसा आता आला आहे, पण पैशाने प्रेस येतो, प्रेसवरचा हात येत नाही. एक उत्तम चुंबक प्रयोगशाळेत होतो. त्याच्यासारखे दहा हजार करायला साचा घडवणारा फिटर, पावडरीचा ओलावा सांभाळणारा ऑपरेटर, लेप देणारा आणि प्रत्येक तुकडा मोजून बाजूला करणारा तपासनीस लागतो. ही माणसं आयटीआय आणि तंत्रनिकेतनातून येणार आहेत. नांदेड, लातूर, सोलापूरहून कामासाठी हैदराबादची गाडी धरणारी मुलं मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून येत आहेत. त्यांच्या हातात त्यांच्या भाषेतलं असं एक पुस्तक असावं, ज्यात गणित टाळलेलं नाही आणि वर्कशॉपही टाळलेलं नाही, म्हणून ही आठ प्रकरणं. प्राध्यापकांना यातलं काही त्रोटक वाटेल. मी मुद्दाम प्रेस, भट्टी आणि तपासणीच्या टेबलाला जास्त पानं दिली आहेत.

पहिलं प्रकरण हिस्टेरिसिसच्या, म्हणजे बदलत्या क्षेत्रामागे चुंबकत्व कसं रेंगाळतं त्याच्या, वक्राचं आहे, आणि ते नुसतं वाचून पुढे जाऊ नये, अशी विनंती आहे. कोणत्याही तंत्रनिकेतनात ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या पट्ट्या, तांब्याची तार, एक रोध, एक कपॅसिटर आणि ऑसिलोस्कोप मिळतो. नमुन्यावर दोन कॉइल गुंडाळा. पहिलीतल्या प्रवाहाचं माप आडव्या अक्षावर द्या, दुसरीतला दाब रोध आणि कपॅसिटरमधून फिरवून उभ्या अक्षावर. ट्रान्सफॉर्मरची पट्टी लावली की पडद्यावर अरुंद, उभट फास दिसेल. तिच्यात चुंबकत्व सहज येतं आणि सहज जातं. मग पट्टी काढून त्या जागी हॅकसॉचं पातं लावा. फास रुंद होईल, कारण त्या कडक पोलादातून चुंबकत्व घालवायला कितीतरी जास्त क्षेत्र लागतं. फासाच्या आतलं क्षेत्रफळ दोन्ही वेळा आलेखाच्या कागदावर मोजा आणि वहीत लिहा. दुसऱ्या प्रकरणातली पहिली तीन उदाहरणं त्याच आकड्यांवर सोडवायची आहेत.